फ्लॉपीला लावलेलं कुंकू

माझी शाळा चौथीपर्यंत. तरी कॉम्प्युटरच्या पोटात काय काय असतं ते मी आजही घडाघडा सांगतो. सांगताना जीव नको होतो, तो भाग वेगळा.

आधी मी साखर कारखान्यावर वजनकाट्याला होतो. पाय मोडला आणि ते काम सुटलं. नव्वदीच्या सुरवातीला कराडात एका गाळ्यात कॉम्प्युटरचा क्लास निघाला, तिथं शिपाई म्हणून लागलो. चार मशिनी. चपला बाहेर, खिडक्या बंद. दर दोन महिन्यांनी नवी बॅच यायची आणि नव्या बॅचला तोच पहिला धडा. दाराशी स्टुलावर बसून ऐकून ऐकून तो मला पाठ झाला.

कीबोर्डातून आत जातं ते इनपुट. पडद्यावर नाहीतर कागदावर येतं ते आउटपुट. मधे सीपीयू. पोरं अख्ख्या डब्यालाच सीपीयू म्हणायची आणि सर चिडायचे. सीपीयू म्हणजे डब्याच्या आतली बिस्किटाएवढी चिप. तिचा एक भाग बेरीज-वजाबाकी करतो, लहान कोण मोठं कोण ते ठरवतो. दुसरा भाग नुसते हुकूम सोडतो. हुकूम आणि आकडे ज्या तारांवरनं पळतात त्यांना बस म्हणायचं. इथं कुणीतरी विचारायचंच, "सर, कंडक्टर कोण मग?"

मेमरी दोन तऱ्हेची. रॉममधलं कारखान्यातनंच लिहून येतं, ते पुसलं जात नाही. रॅममधलं काम चालू आहे तोवरच. लाईट गेली की पाटी कोरी. म्हणून जे ठेवायचं ते फ्लॉपीवर ठेवायचं. हार्ड डिस्क फक्त सरांच्या मशीनला होती. फ्लॉपी तेव्हा पंजाएवढी, पातळ, वाकणारी असायची. काळ्या पाकिटाला एक लांबट खाच, खाचेतून आतली तपकिरी चकती दिसायची. लिहिलेलं सगळं त्या चकतीवर. खाचेला बोट लावायचं नाही, हे सर पहिल्याच दिवशी तीनदा सांगायचे. पोरं जाताना मला छेडायची, "मामा, लावू का बोट?" मी म्हणायचो, "लावून बघ, बोट जाग्यावर ऱ्हायचं न्हाई."

माझी बायको आटपाडीकडची. तिचं माहेर मेंढरांचं. लहानपणी दरवर्षी दिवाळी झाली की ती आईबापाबरोबर मेंढरामागं पश्चिमेला चालत यायची. कुठल्या विहिरीवर पाणी पाजायचं, कुणाच्या रानात बसायचं, कुठली म्हातारी ताक द्यायची, सगळं तिच्या डोक्यात. त्या वाटेवर तिचा तान्हा भाऊ तापानं गेला. तिच्याच कडेवर. एका ओढ्याकाठी त्याला पुरला आणि दुसऱ्या दिवशी मेंढरं पुढं निघाली. आईबाप पुढं वारले. ती जागा ठाऊक असलेली ती एकटीच उरली. बत्तीस वर्षांच्या संसारात तिनं मला ती वाट किती वेळा सांगितली असेल. मी जेवता जेवता "व्हय व्हय" म्हणायचो. वाढ म्हणायचो.

मग तिच्या घशात गाठ निघाली. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन करू, पण आवाज राहणार नाही. घरी आल्यावर बायको म्हणाली, "आवं, आवाज जायच्या आदी मला ती वाट कुणाला तरी सांगू द्या. न्हाईतर त्या लेकराचं कुणीच ऱ्हायचं न्हाई."

आमची पोरगी तेव्हा त्याच क्लासात शिकत होती. सर म्हणाले, दुपारी बॅच सुटल्यावर बसा खुशाल. आठ दिवस रोज दुपारी बायको पोरीशेजारी बसली. ती बोलायची, पोरगी टाईप करायची. बोलणं मराठी, अक्षरं इंग्रजी, कारण मराठी अक्षरं त्या मशीनला नव्हती. काळ्या पडद्यावर हिरवं हिरवं उमटायचं ते बायको टक लावून बघायची.

"एवढं समदं मी बोलले?"

"आये, आजून कडेगाव यायचंय," पोरगी हसायची. "हळू बोल, माझी बोटं दुखत्यात."

"मेंढरं काय हळू चालत्यात व्हय गं?"

शेवटच्या दिवशी तिनं मला विचारलं, "आवं, लाईट गेली तर?"

मी शिपाई, पण त्या घडीला मास्तर झालो. म्हणालो, "रॅममदलं जातंय. तुझं फ्लॉपीवर हाय. लाईट जाऊ दे, काय बी हुत न्हाई."

तिला बरं वाटलं. मलाही लय शहाणा झाल्यासारखं वाटलं.

सर म्हणाले होते, दुसऱ्या फ्लॉपीवर नक्कल करून घ्या, कागदावरही काढू. पण प्रिंटरची रिबन सुकली होती, ती सांगलीहून यायची होती. मी म्हणालो, दसरा झाल्यावर करू दोन्ही. घाई कसली? टेपरेकॉर्डर शेजारच्याच घरात होता. तोही कुणाला सुचला नाही.

ऑपरेशन झालं. ती घरी आली ती गळ्याला भोक घेऊन. बोलायला तोंड उघडायची, नुसती हवा यायची. मग हातानं टाईप केल्यासारखं करून दाखवायची, म्हणजे ते वाचून दाखवा. मी म्हणायचो, रिबन येऊ दे.

खंडेनवमी आली. आमच्याकडं त्या दिवशी हत्यारं पुजतात. सुताराची करवत, न्हाव्याचा वस्तरा, ज्याचं पोट ज्यावर चालतं ते धुऊन-पुसून मांडायचं, हळद-कुंकू लावायचं, त्या दिवशी त्याला कामाला लावायचं नाही. सर म्हणाले, मामा, मशिनींची पूजा तुम्हीच करा. मी आंघोळ करून गेलो. पडद्यांना, कीबोर्डांना, डब्यांना, प्रिंटरला बोटं लावली, झेंडू वाहिला. मग कपाटातनं पोरीची फ्लॉपी काढली. बायको घरात मुकी पडलेली. वाटलं, पाकिटाला कुंकू लावून काय उपयोग, ती तर आत आहे. खाचेतून ती तपकिरी चकती दिसत होती. ओल्या कुंकवाचं बोट मी तिच्यावर टेकवलं, वर हळद लावली, अक्षता टाकल्या आणि हात जोडले.

बोट लावायचं नाही हे मला ठाऊक होतं. पोरांना मीच दटावत होतो. पण कुंकवाच्या बोटाला मी बोट धरलंच नाही.

दसऱ्यानंतर रिबन आली. पोरीनं फ्लॉपी घातली. मशीन खरवडल्यासारखं करकरलं आणि पडद्यावर चूक आहे म्हणून इंग्रजी ओळ आली. पुन्हा घातली, पुन्हा तेच. सरांनी फ्लॉपी बाहेर काढून उजेडात धरली. चकतीवर गोल गोल लाल चरे उठले होते.

"मामा, हे काय?"

"पूजा केली."

सरांनी फ्लॉपी टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "वाळलेलं कुंकू आत घासलं गेलं. वरचा थर खरवडून निघाला. आता नाही येत काही."

रागावले असते तर बरं झालं असतं.

वाटेत पोरगी म्हणाली, "आबा, आयेला सांगू नका. मला बरंच आठवतंय." तिनं क्लासातल्या नोट्सचे कागद घेतले आणि आईच्या उशाशी बसून वाचल्यासारखं बोलू लागली. आईला कुठं वाचता येत होतं? सुरवात छान झाली. आटपाडीतनं मेंढरं निघाली, पहिला मुक्काम, ताकवाली म्हातारी. बायकोनं डोळे मिटले होते. तोंडावर हसू होतं. किती दिवसांनी बघितलं मी ते.

मग पोरगी ओढ्यापाशी आली. म्हणाली, विहीर वलांडली आन् वढा लागला. बायकोनं डोळे उघडले, हात वर केला, नाही म्हणून हलवला. पोरीनं कागदात बघितल्यासारखं करून बदललं. आधी वढा, मग विहीर. पुन्हा हात हलला. पोरीनं तिसरंच काहीतरी सांगितलं. मग बायकोनं पोरीचा हात धरला, कागद काढून घेतले, उलटसुलट केले आणि माझ्याकडं बघितलं.

मी खाली बघितलं. तिला विचारायला आवाज असता तर मी सांगितलं असतं, असं स्वतःला म्हणतो. खोटं आहे ते. तिनं कागद पोरीला परत दिले, भिंतीकडं तोंड केलं, आणि परत कधी हातानं टाईप केल्यासारखं करून दाखवलं नाही. माघात गेली.

तिचे दिवस झाल्यावर मी आटपाडीला गेलो. तिचा एक भाऊ आहे, सगळ्यांत धाकटा. त्याला म्हणालो, ती वाट सांग, त्या लेकराला पुरलं तो ओढा कुठला ते सांग, मी चालत जाऊन बघतो. मेंढराची लोकर निवडत बसला होता. म्हणाला, "दाजी, मी तवा जल्मालाबी आलो न्हवतो. अक्काच सांगायची. तुमाला न्हाई का कवा सांगितलं?"

सांगितलं होतं म्हणालो, आणि एसटीची वेळ झाली म्हणून उठलो.