अकराव्या तासाचं इंग्रजी

धाकट्या बहिणीचं लग्न हिंगोलीत होतं. मी तेव्हा नुकताच शाळेत इंग्रजी शिकवायला लागलो होतो आणि ते इंग्रजी माझ्या अंगात मावत नव्हतं. नवरदेव वाशिमचा. वऱ्हाडाचा उशीर ठरलेलाच, म्हणून आदल्या दिवशी मी व्याह्यांना व्हॉट्सॲपवर लिहिलं, 'लग्न साडेअकराला. प्लीज डोन्ट कम ॲट द इलेव्हन्थ अवर.' ऐनवेळी धावत-पळत येऊ नका, एवढाच अर्थ. वडिलांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मराठीत लिव की." मी नुसता हसलो.

दुसऱ्या दिवशी साडेअकरा वाजले. हॉल भरला. पांढरी साडी नेसून बहीण तयार. लग्न लावणारे बौद्धाचार्य सारखे घड्याळ बघत होते. त्यांना दोन वाजता दुसरं लग्न होतं. वऱ्हाडाचा पत्ता नाही. शेवटी मी नवरदेवाच्या वडिलांना फोन लावला.

"मामा, कुठं आहात?"

"कनेरगाव नाक्यावर. धाब्यावर बसलो. दहालाच पोचलो आमी."

"मग थांबलात काहून?"

"आता सर, तुमीच तर लिवलं, अकराच्या तासात येऊ नका म्हणून. आमच्यातल्या कॉलेजवाल्या पोरीनं वाचून सांगितलं. आमाला वाटलं, हॉल खाली व्हायचा असंल. बाराला निघतो बराबर."

"मामा, इलेव्हन्थ अवर म्हणजे अकरा न्हाई. म्हणजे अगदी शेवटची घटका..."

"शुभकार्यात शेवटची घटका काहून लिवता, सर?"

वडिलांनी माझ्या हातातून फोन ओढून घेतला. "निघा हो पाव्हणं, निघा! भात गार होऊन राहिला."

वऱ्हाड साडेबाराला आलं. चहा-नाश्ता करून, तोंडबिंड धुऊन आलेलं इतकं ताजंतवानं वऱ्हाड मी आजवर पाहिलेलं नाही. मामांनी उतरताच माझा हात धरला.

"लेट तर न्हाई ना झालो?"

"न्हाई मामा, अगदी टायमावर आलात." दुसरं काय बोलणार?

त्रिसरण-पंचशील झालं, लग्न लागलं. मग बौद्धाचार्यांनी वेळेच्या महत्त्वावर पाच मिनिटं सुनावलं. मामा मान डोलवत ऐकत होते. माझं तोंड एवढंसं झालं होतं.

पाठवणीला सगळे रडत होते. बहीण माझ्या गळ्यात पडली आणि हुंदके देत कानात म्हणाली, "दादा, नशीब, त्यांनी नुसतं 'डोन्ट कम' एवढंच वाचलं न्हाई."