एका रुपयाची कपात

सरकारच्या जमाखर्चाचं जाडजूड पुस्तक दर वर्षी मुंबईहून पोस्टानं आमच्या घरी यायचं, आणि ते आलं की मला सवत आल्यासारखं वाटायचं. हे जेवायला बसले की ते पाटाशेजारी, आडवे झाले की उशाशी. ‘हे’ म्हणजे आमचे यजमान. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्या पिढीत रीत नव्हती आणि आता लिहितानाही हात धजत नाही, तेव्हा वाचणाऱ्यांनी ‘हे’ म्हटलं की तेच समजावं. हे सोलापूरच्या कोर्टात वकील होते आणि जिल्ह्यातर्फे मुंबईच्या कौन्सिलात, म्हणजे तेव्हाच्या कायदेमंडळात, निवडून गेले होते. निवडून कसे आले याचं मला अजून आश्चर्य वाटतं, कारण आवाज इतका बारीक की न्यायाधीशसुद्धा म्हणायचे, “वकीलसाहेब, जरा मोठ्यानं.”

पण पुस्तक उघडलं की यांच्या अंगात काहीतरी संचारायचं. शेतसारा किती आला, दारूच्या करातून किती आला, आणि गेला कुठं, हे पेन्सिलीनं खुणा करत मला वाचून दाखवायचे. मी म्हणायची, “अहो, भाजी निवतेय.” तर म्हणायचे, “अगं, लोकांनी पोटाला चिमटा घेऊन भरलेला पैसा हा. कुठं गेला ते कुणीतरी विचारायला नको का?” विचारा की, मी कुठं नको म्हणते. पण निदान आमटीत बोट बुडवून पान उलटू नका, एवढंच माझं म्हणणं असे.

त्या वर्षी माघातच ऊन भाजायला लागलं होतं. एका दुपारी सांगोल्याच्या दवाखान्यातल्या नर्सबाई आमच्याकडे आल्या. विधवा बाई, पुण्याला जाऊन शिकून आलेल्या, हातात कायम काळी पिशवी. माझ्या दोन्ही मुली त्यांच्या हातच्या. त्यांनी पाणी घेतलं, मुलींचे दात पाहिले, धाकटीला जंत झालेत असं मला बजावलं, आणि मग सहज सांगावं तसं म्हणाल्या, “एक एप्रिलपासून माझी जागा राहत नाही. सरकारनं काटकसर काढलीय. तुम्हांला भेटून जावं म्हटलं.” वकीलसाहेबांना सांगा, काही करा, असलं एक अक्षर त्या बोलल्या नाहीत. चहा घेऊन निघून गेल्या.

त्या गेल्या आणि मी स्वयंपाकघरात जाऊन बसले. वकिलीच्या सुरुवातीला आम्ही सांगोल्यात होतो. माझं पहिलं बाळंतपण तिथंच झालं, नर्सबाई तिथं यायच्या आदल्या वर्षी. गावात एकच सुईण, ती दुसऱ्या वाडीला गेलेली. मूल पायाळू. शेजारणींनी आपापल्या परीनं केलं ते केलं. मुलगी झाली आणि सकाळ व्हायच्या आत गेली. बारसंच झालं नाही, त्यामुळे तिला आठवायला नावही नव्हतं. यांनी तिला पुरून येऊन अंघोळ केली आणि कोर्टात गेले. त्यानंतर आमच्या घरात तो विषय कधी निघाला नाही. कुणी विचारलं तर हे सांगत, आम्हांला दोन मुली. मीही तेच सांगे.

संध्याकाळी हे घरी आल्यावर मी एवढंच म्हटलं, “त्या बाईंची जागा राहिली पाहिजे. तुमच्या कौन्सिलातून मी आजवर काही मागितलं नाही.” यांनी टोपी काढली, खुंटीला लावली. मग म्हणाले, “बोलतो. त्यासाठी एक रुपया कपातीची सूचना द्यावी लागेल.”

“कसली कपात?”

“दवाखान्यांसाठी सरकार जे पैसे मागतंय, त्यातला एक रुपया कमी करावा अशी सूचना.”

मला वाटलं, उन्हातून आल्यामुळे यांना काही सुधरत नाहीये. मी म्हटलं, “अहो, बाई राहाव्यात म्हणून पैसे कमी करायचे?” तेव्हा यांनी मला समजावून सांगितलं. खर्च वाढवा म्हणायचा अधिकार सभासदांना नाही, तो फक्त सरकारला. सभासदांना कमी करा एवढंच म्हणता येतं. म्हणून नावाला एक रुपया कमी करा म्हणायचं आणि त्या निमित्तानं उभं राहून आपलं गाऱ्हाणं मांडायचं. मंत्र्यांनी ऐकलं तर सूचना मागे घ्यायची. मी म्हटलं, “म्हणजे जावेनं साखर चोरली असं सांगायचं असेल तर आधी चहाच नको म्हणायचं.” हे हसले आणि म्हणाले, “कौन्सिलच्या नियमाचा इतका सोपा अर्थ आजवर कुणी लावला नसेल.”

हे मुंबईला गेले आणि आठवड्याभरात इथल्या साप्ताहिकात यांच्या सूचनेची बातमी छापून आली. एवढीच ओळ, की आपल्या जिल्ह्याच्या सभासदांनी दवाखान्यांच्या खर्चात एक रुपया कपात करावी अशी सूचना दिली आहे. का, कशासाठी, काही नाही. नळावर मला बायका विचारायला लागल्या, “वकीलसाहेबांना दवाखाने डोळ्यांत का हो खुपतात?” दोघी-तिघींना मी समजावून सांगितलं. पुढं मात्र हंडा भरेपर्यंत गप्प उभी राहू लागले.

मग एका मंगळवारी, घोंगड्या विकायला बाजारात येणाऱ्या गाड्यांबरोबर, सांगोल्याकडची एक म्हातारी धनगरीण आमचं घर शोधत आली. ओट्यावर टेकली, पाणी प्यायली आणि मला म्हणाली, “वकिलीणबाई, तुमचं मालक मुंबईत आमच्या दवाखान्याचा येक रुपाया कापा म्हनत्यात म्हनं. व्हय का?”

“हो आजी, पण ते तसं नाही,” मी म्हटलं, आणि यांनी मला सांगितलं होतं ते सगळं तिला सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“मंजी बाई ऱ्हावी म्हनून रुपाया कापा म्हनायचं?”

“हो.”

“आन् बाई जावी म्हनून मग काय म्हनत्यात?”

मी तिच्या भांड्यात आणखी पाणी ओतलं. म्हातारीलाच माझी दया आली असावी. म्हणाली, “आसंल, तितं तशी रीत आसंल. पर कापल्याव रुपाया कमी पडंल का न्हाई?” तिनं कनवटीची गाठ सोडली, एक रुपया काढून माझ्या हातावर ठेवला आणि माझी मूठ मिटवली. “ह्यो घ्या. त्यांनी कापायचा, आमी घालायचा. बाईला हालवू नका. माझी सून चैतात मोकळी व्हायची हाय. आदीची दोन गेली.”

मी तिला पुन्हा समजवायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं. मनीऑर्डरनं पाठवते म्हटलं तर तेही तिला पटेना. “टपालात कुनाच्या हातात जाईल, काय भरवसा? तुमी सोता द्या.” हो म्हटल्याशिवाय ती ओट्यावरून उठली नाही. तिला भाकरी वाढली, तर खाताना ती माझ्या दोन्ही मुलींकडे बघत राहिली आणि म्हणाली, “बाईच्या हातची पोरं हायेत, वळकू येत्यात.”

मला तिला दिलेला शब्द मोडायचा नव्हता, आणि खरं सांगायचं तर मलाही जायचं होतं. माझी बहीण गिरगावात राहायची. मुलींना घेऊन मी रेल्वेनं तिच्याकडे गेले. हे तिथंच उतरले होते. मला दारात बघून म्हणाले, “अगं, काय झालं?” मी रुपया हातावर ठेवला आणि म्हातारीचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. मला वाटलं, हसतील. हे हसले नाहीत. रुपया कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. त्या रुपयाचं पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकते. म्हातारीनं तो परत घेतला नाही, घेतला तर बाई जाईल म्हणाली. शेवटी नर्सबाईंनी त्याचा औषधी साबण आणला.

दुसऱ्या दिवशी खर्चाच्या चर्चेचा शेवटचा दिवस होता. मी आणि बहीण वरच्या सज्जात पाहुण्यांसाठी ठेवलेल्या बाकावर जाऊन बसलो. जाताना यांनी मला सांगितलं होतं, “पाच वाजेपर्यंतच वेळ आहे. पाचला अध्यक्ष बाकीच्या सगळ्या रकमा एका दमात मताला टाकतात. मग बोलायला मिळत नाही. माझा नंबर बराच खाली आहे.” भिंतीवर मोठं घड्याळ होतं आणि माझी नजर त्यावरून हलत नव्हती. दुपारभर दारूच्या करावर भाषणं चालली होती. एक गृहस्थ तर इतका वेळ बोलले की मी मनातल्या मनात त्यांच्या दारूच्या सगळ्या बाटल्या फोडल्या.

साडेचारनंतर दवाखान्यांची पाळी आली. यांच्या आधी एका सिंधी सभासदांची (सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होता) सूचना होती, पांढरी दाढी, हातात कागदांचा गठ्ठा. एवढं सगळं वाचायचं तर पाच इथंच वाजणार होते. ते उठले, एक वाक्य बोलले, यांच्याकडे बघून मान हलवली आणि गठ्ठा तसाच खाली ठेवून बसले. नंतर कळलं की यांनी सकाळी त्यांना म्हातारीचा रुपया दाखवला होता. त्यांनी स्वतःच्या गावच्या दवाखान्याचं भाषण यांच्यासाठी सोडून दिलं. त्या माणसाला मी पुन्हा कधी पाहिलं नाही, पण त्यांचं भलं व्हावं असं मी पुष्कळदा मनात म्हटलं आहे.

हे उठले. बोलणं सगळं इंग्रजीत. माझं इंग्रजी यांनीच दुपारच्या वेळात शिकवलेलं, दुसऱ्या पुस्तकापर्यंतचं. आकडे, नाती, दिवसाच्या वेळा एवढं कळायचं. बारीक आवाजात हे रकमा सांगत गेले, तालुक्याचं नाव आलं, नर्स हा शब्द आला. मग हे थांबले, खिशाशी हात नेला, पण रुपया बाहेर काढला नाही. आणि म्हणाले, “आय हॅव थ्री डॉटर्स.”

मी दचकले. बहिणीनं माझ्याकडे पाहिलं. हिशेबात कधी न चुकणारा माणूस घाबरून स्वतःच्या मुली चुकला, असं मला वाटलं. पुढच्या वाक्यात मला ‘टू’ कळलं आणि पुन्हा ‘नर्स’ कळलं. त्याच्या पुढच्या वाक्यात ‘वन’. आणि मग अगदी हळू, ‘मॉर्निंग’. तेव्हा मला सगळं समजलं. मी पदराचा बोळा तोंडात धरला. खाली कुणीही यांना मोठ्यानं बोला म्हणालं नाही, सगळं सभागृह कान देऊन ऐकत होतं.

मंत्री उठले आणि थोडकं बोलले. यांनी मान लववली आणि सूचना मागे घेतली. लगेच पाचची घंटा झाली आणि उरलेल्या लाखांच्या रकमा, कुणी काही न विचारता, हां-हां म्हणता मंजूर होऊन गेल्या.

बहीण मुलींसाठी पुढं निघून गेली. आम्ही दोघं त्या उंच पायऱ्या उतरून ट्रामच्या थांब्याकडे चालत होतो. हे म्हणाले, “जागा राहिली. या वर्षापुरती. पुढच्या वर्षी पुन्हा विचारावं लागेल.” मी हूं म्हटलं. थोड्या वेळानं म्हणाले, “तुला काही कळलं का, मी काय बोललो ते?”

“तीन कळलं,” मी म्हटलं.

हे चालायचे थांबले. माझ्याकडे न बघता म्हणाले, “तिथं खोटा आकडा सांगता येत नाही गं.”

लग्नानंतर पहिल्यांदा यांनी भर रस्त्यात माझा हात धरला. आमच्या थोरल्या मुलीसाठी आम्ही दोघं एकत्र कधी रडलो नव्हतो, ते त्या थांब्यावर उभे राहून रडलो. ट्रामा येत होत्या, जात होत्या. आम्ही एकीतही चढलो नाही.