माझ्या आवाजातली सकाळ

धान निघाले की आमच्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो, आणि गेली अनेक वर्षे त्या हंगामात मी विंगेत बसून प्रॉम्प्टिंग करतो. आमच्याकडच्या नटांना तालमीची उसंत नसते. काल एका गावी प्रयोग, आज दुसऱ्या. संहिता प्रॉम्प्टरच्या मांडीवर असते आणि नटाची सारी भिस्त त्याच्या आवाजावर. नटाचा चेहरा किंचित रिकामा झाला की पुढचे वाक्य त्याच्या कानात पडलेच पाहिजे, आणि ते माझे आहे असे प्रेक्षकांना वाटता कामा नये. हे मला चांगले जमते. इतके, की घरी आल्यावरही ते मला थांबवता आले नाही.

माझा मुलगा घुग्घुसच्या रस्त्यावर मोटरसायकलवरून पडला, तेव्हा तो सिमेंटच्या कारखान्यात पहिल्या पाळीला निघाला होता. तेवीस वर्षांचा होता. डोक्याची जखम भरली, तिच्यावर केसही आले. शब्द मात्र पूर्वीसारखे परतले नाहीत. समोरचा तांब्या त्याला दिसतो, तो कशासाठी असतो हेही कळते, पण नाव ओठांशी येऊन अडते. सकाळी भेटून गेलेला माणूस संध्याकाळी त्याच्या लेखी आलेलाच नसतो. वाणीचे उपचार करणाऱ्या बाईंनी मला पहिल्याच दिवशी बजावले होते, "शब्द देऊ नका. थांबा. त्याचा त्याला शोधू द्या." मी मान हलवली. पण त्याचा चेहरा रिकामा होई, आणि माझ्या तोंडून शब्द निघून जाई.

एकदा त्याने विचारले, "बाबा, त्या दिवशी मी... घरून... कसा निघालो?"

मी नागभीडकडच्या प्रयोगाहून पहाटे परतून झोपलो होतो. माझी पत्नी भावाकडे वरोऱ्याला गेली होती. त्याला जाताना कोणीही पाहिले नव्हते. हे मला सांगवले नाही. मी म्हणालो, तू चहा घेतलास, आईच्या पाया पडलास. ती म्हणाली, "सावकाश जाजो रे बापू", आणि तू दारातून वळून हात केलास. तो दर दोन-चार दिवसांनी तेच विचारी, आणि मी तेच सांगे. त्याच शब्दांत, त्याच जागी थांबून. वाक्य बदलायचे नाही, ही आमच्या कामाची शिस्त. पत्नी जवळ नसतानाच सांगे, हेही लिहायला हवे. पुढे त्याने विचारणे सोडले, आणि त्या गोष्टीचा विषय मिटला असे मी मानले.

मग वरोऱ्याहून त्याचा मामा आला. पत्नीही तिथेच बसली होती.

"का बे भाच्या, वळखलं का मले?"

"वरोऱ्याचे... ते..."

"मामा," मी बाजूने पुटपुटलो.

"मामा," तो म्हणाला.

"भाऊजी, तुम्ही घरी बी नाटक लावता का जी? पोट्ट्याले बोलू तं द्या!" मामा हसला, आणि भाच्याकडे वळला. "मंग, कसा पडला रे तू?"

तांब्याचे नाव न आठवणारा माझा मुलगा एकदाही न अडखळता बोलू लागला. चहा, आईच्या पाया पडणे, सावकाश जाजो रे बापू. मी जिथे थांबत असे तिथे तो थांबत होता. दाराकडे पाहून हात करण्यापूर्वी मी श्वास घेई, त्यानेही घेतला. समोर माझा मुलगा बसला होता आणि त्याच्या आतून मी बोलत होतो.

"पन बाई तं त्या दिवशी माह्या घरी..." मामा म्हणाला, आणि बहिणीचा चेहरा पाहून गप्प झाला.

मामा गेल्यावर पत्नीने मला विचारले, "त्याच्या डोक्यात मी कुठून आली जी? मी तं वरोऱ्याले होती."

"म्या सांगतलं."

"काऊन?"

"कोनीच नव्हतं, असं कसं सांगू त्याले?"

"त्याले सांगवलं नाई, का तुमाले सोताले?" ती म्हणाली, "मी गेली त्याले सोडून. ते माहं दुःख हाये. ते बी तुम्ही पुसून टाकलं. जसं खोटं पाठ करवलं तसं खरं पाठ करवा आता."

मी मुलाला खरे सांगितले. त्याने विचारले, "मंग मले... कोनीच नाई पाह्यलं?" "नाई," मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी त्याच्या तोंडी पुन्हा तोच चहा होता आणि तीच आई. खोटे मुरले होते. खरे एक रात्रही टिकत नव्हते. मी पुन्हा पुन्हा सांगत राहिलो. दर वेळी त्याला ते नव्याने ऐकावे लागे, आणि दर वेळी मला तो चेहरा पाहावा लागे. त्याहून वाईट म्हणजे, खरेही माझ्याच आवाजात त्याच्यात उतरणार होते.

गेल्या आठवड्यात दुपारी पत्नी तांदूळ निवडत होती. सूप खाली न ठेवता तिने त्याला विचारले, "त्या दिवशी कसा गेलता रे बापू?"

"चहा घेतला. आई..." तो अडला. त्याने माझ्याकडे पाहिले, विंगेकडे नट पाहतो तसे. दोन्ही वाक्ये माझ्या जिभेवर तयार होती, खोटे आणि खरे. मी तोंडावर हात दाबून धरला. सूप थांबले. रस्त्यावरून एक ट्रक गेला, मग दुसरा.

"आई नव्हती," तो म्हणाला. "बाबा... झोपून होते. म्हनून... गाडी इथी नाई चालू केली. ढकलत... रस्त्यावरी नेली."

हे मी कधीच सांगितले नव्हते. ते त्या सकाळचे असेल, इतर कुठल्या सकाळचे असेल, किंवा त्याने आताच रचले असेल. मी झोपलो होतो. मला कळण्याचा मार्ग नाही. तेव्हापासून ती गाडी माझ्या उशाशेजारून, इंजिन बंद ठेवून, हळूहळू जात राहते.

पत्नीने माझ्याकडे पाहिले. "हे तुम्ही सांगतलं का जी?"

"नाई," मी म्हणालो.