सर्वांत कमी दर

खरेदी विभागात अठ्ठावीस वर्षं काढलेल्या त्या कारकुनाला ऑफिसात पाठीमागे सगळे ‘दरपत्रके’ म्हणत. नव्याने लागलेल्यांना ते आडनावच वाटे, आणि एकदोघांनी तोंडावर तशी हाकही मारली होती. दरपत्रक्यांना राग आला नाही, उलट बरंच वाटलं. तीन दुकानांकडून दरपत्रकं मागवायची, पट्टीने रेघा मारून तक्ता करायचा आणि प्रत्येक ओळीतल्या सर्वांत कमी दराखाली तांबडी रेघ ओढायची, या कामात आपला हात धरणारा कुणी नाही अशी त्यांची खात्री होती. त्यांनी घेतलेल्या खुर्च्या बसल्याबरोबर विव्हळत आणि कपाटांची दारं लाथ घातल्याशिवाय लागत नसत. पण तक्त्यात चूक काढून दाखवा म्हणावं कुणीही!

घरी त्यांची बायको इमारतींचे नकाशे काढायची. दहा वर्षं लोकांचे जिने आणि न्हाणीघरं काढून ती कंटाळली होती. तेवढ्यात एका मोठ्या आर्किटेक्टने एका शाळेचा अख्खा नकाशा तिच्याकडे पाठवला. तीन आठवड्यांनंतरच्या सोमवारपर्यंत पुरा करून दाखवा, जमलं तर कायमचं काम देतो, म्हणाला. तिने फाइल उघडायला लावली, भाजी निवडली, चिरली, फोडणीला टाकली, आणि परत येऊन बघते तर कॉम्प्युटरने हात टेकले होते.

“अहो, या डब्यात जरा जीव घाला,” ती म्हणाली. “हे काम हातचं गेलं तर पुन्हा जिनेच काढत बसेन मी.”

“बजेट ठरलेलं आहे. पण रीतसर होईल,” दरपत्रके म्हणाले, आणि पट्टी शोधायला उठले.

रीतसर व्हायला अडीच आठवडे लागले. मॉनिटर आणि कीबोर्ड जुनेच ठेवून मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम एवढंच बदलायचं होतं. दोन दुकानांनी नाइलाजाने दर लिहून दिले. तिसरं दुकान एका बाईंचं होतं. त्यांनी आधी विचारलं, “यावर काम काय करायचंय?”

“ते दरपत्रकात येत नाही,” दरपत्रके म्हणाले.

बाईंनी तरी खोदून विचारलं, मग तिन्ही वस्तूंचा दर लिहिला आणि खाली एक ओळ टाकली: ‘हे सर्व भाग एकमेकांना चालतात. जोडून, चालवून देऊ.’ दरपत्रक्यांनी शेऱ्याच्या रकान्यात त्या ओळीपुढे ‘अप्रस्तुत’ असं लिहिलं. मग तांबड्या रेघा ओढल्या. मदरबोर्ड पहिल्या दुकानात स्वस्त होता, प्रोसेसर दुसऱ्या आणि रॅम बाईंकडे. म्हणून त्यांनी एकेक वस्तू एकेका दुकानातून आणली आणि वाचलेल्या पैशांच्या आनंदात घरी येईपर्यंत शीळ घातली.

त्याआधी एक काम मात्र त्यांनी चोख उरकलं होतं. जुनी वस्तू निकाली काढल्याशिवाय नवी घ्यायची नाही, हा ऑफिसचा नियम. म्हणून शुक्रवारीच डब्यातले जुने तिन्ही भाग भंगारात देऊन ते पावती घेऊन आले होते. नशीब, त्या डब्यावर रखडत अर्धा झालेला नकाशा बायकोने पेनड्राइव्हवर घेऊन पर्समध्ये टाकला होता.

शनिवारी त्यांनी खोकी उघडली. प्रोसेसर मदरबोर्डाच्या खाचेत बसेना. रॅम तर कोणत्याच बाजूने जाईना. दरपत्रक्यांनी ती उलटी करून पाहिली, फुंकर मारून पाहिली, शेवटी जरा दामटून पाहिली.

पहिला दुकानदार म्हणाला, “बोर्डात काही दोष नाही.” दुसरा म्हणाला, “प्रोसेसर एक नंबर आहे.” फोडलेलं खोकं कुणी परत घेईना, आणि दोघांचंही म्हणणं खरं होतं. दरपत्रके घरी येऊन तक्ता पुन्हा तपासत बसले. त्यात खरोखरच एकही चूक नव्हती.

“उद्याचा एक दिवस राहिलाय,” बायको म्हणाली.

“फेरनिविदा काढावी लागेल,” दरपत्रके म्हणाले.

तिने पर्स उचलली आणि ती बाईंच्या दुकानात गेली. रडायचं नाही असं ठरवून गेली होती, पण बाईंनी स्टूल पुढे सरकवलं तेव्हा रडलीच. मग तिथेच काउंटरवर, दुकानात मांडलेल्या कॉम्प्युटरवर, ती रविवार संध्याकाळपर्यंत बसली. गिऱ्हाइकं तिच्या डोक्यावरून वायरी मागत होती. सोमवारी नकाशा गेला आणि काम मिळालं.

पहिल्या महिन्याच्या पैशांतून तिने बाईंकडूनच आतला सगळा संच घेतला. बाई जोडून, चालवून देऊन गेल्या. दरपत्रके लांबून बघत उभे होते.

“तीन दरपत्रकं मागवलीस?”

“नाही.”

“मग हे स्वस्त पडलं की महाग, हे तुला कळणार कसं?”

त्यांचं वाक्य संपेपर्यंत आर्किटेक्टने दुरुस्त्यांसाठी परत पाठवलेली शाळेची फाइल उघडून तयार होती. बायकोने मान वळवली नाही.

“आपलं लग्न ठरलं तेव्हा बाबांपुढे तीन स्थळं होती,” ती म्हणाली. “सर्वांत कमी खर्चाचं तुमचं होतं.”

दरपत्रके खाली बसले. ती खुर्ची ऑफिसच्या खरेदीतली नव्हती, तरी कुरकुरली. अठ्ठावीस वर्षांत आपण कधी कुणाच्या तक्त्यात होतो, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं, आणि ते फार लागलं. त्यांनी टेबलावरची न बसलेली रॅम उचलून उलटसुलट केली.

“बाकीचे दोघं कोण होते?” त्यांनी हळूच विचारलं.

“ते दरपत्रकात येत नाही,” ती म्हणाली, आणि तिने शाळेच्या दुसऱ्या मजल्याचं काम सुरू केलं.