कोपऱ्यातला हिरवा आकडा

आमच्या वर्लिनचं बूड खुर्चीला टेकत नाही. बर्फ पडत असला तर प्रश्न नाही. इथे अमेरिकेत डुलुथ शहराचा बर्फ काढायचा ट्रक चालवतो, दिवसभर स्टिअरिंगला चिकटून बसेल. पण आभाळ मोकळं झालं की मेला घरभर येरझाऱ्या घालतो. फ्रिज उघड, बंद कर, खिडकीशी जा, परत ये. त्यात या हिवाळ्यात बर्फाने दडी मारली आणि ह्याने कॉम्प्युटरसाठी ग्राफिक्स कार्ड आणलं. झालं! आगीत तेल.

आणलं ते लेकीपायी, हे मात्र खरं. ब्रिटा आमची एकुलती एक, ओवेनशी लग्न करून अलास्काला गेली. बापलेक समोरासमोर बसले तर "थंडी आहे," "हो, आहे," याच्यापुढे गाडी सरकत नाही. पण दर शनिवारी दुपारी दोघं आपापल्या घरून मासेमारीचा एकच गेम खेळायचे. त्यात दोघांची मिळून एक होडी, आणि त्या होडीत बसले की दोघांनाही कंठ फुटायचा. तिची नोकरी, तिचं घर, सगळं मला त्या मासेमारीतूनच कळायचं. मग गेमची नवी आवृत्ती आली आणि वर्लिनच्या जुन्या कार्डाने मान टाकली. शनिवारामागून शनिवार चुकायला लागले. "तिला दुसरे सोबती मिळतील," असं तो एकदाच म्हणाला. तेव्हाचा त्याचा चेहरा मला बघवला नाही.

कार्ड आणलं ते दुकानातलं सगळ्यात स्वस्त. पटलं नाही तर महिनाभरात परत करता येतं, आणि इथेच सगळा घोळ झाला. ह्याने पडद्याच्या कोपऱ्यात एक हिरवा आकडा लावून ठेवला. सेकंदाला किती चित्रं उमटतात, त्याचा तो आकडा. साठ दिसले की स्वारी खूश, चाळीस झाले की कपाळाला हात.

"सरासरी चांगली आहे गं," मला सांगतो. "पण मध्येच आकडा खाली आदळतो."

"मग सरासरी बघ आणि गप्प बस ना!"

"अगं, अख्खा रस्ता साफ केला आणि एकच ढीग राहिला, तर लोक फोन कशाबद्दल करतात?"

त्याने गेममधल्या सावल्या कमी केल्या. गवत काढलं. पाण्याची चमक घालवली, परत आणली. मी बटाटा-खिम्याचं गरम गरम हॉटडिश समोर ठेवलं, तर घास तोंडात आणि डोळे कोपऱ्यात. शेजारच्या रोआल्डलाही तेच कार्ड घ्यायचं होतं, तो रोज कुंपणावरून विचारायचा, "काय रे, निकाल काय?"

"थांब अजून. बघतोय."

"बायको पसंत करायलासुद्धा एवढा वेळ लावला नसशील!"

"आणि ती परत करायची मुदतही केव्हाच संपली," मी आतून ओरडले.

शेवटी शनिवार उजाडला आणि बापलेक होडीत बसले. हेडफोनने कान दुखतो म्हणून वर्लिन स्पीकरवरच बोलतो. मी शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते. ब्रिटा बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, "डॅड, ऐक ना. मी आणि ओवेन वेगळे होतोय. अजून कुणालाच सांगितलं नाही मी."

माझ्या हातातली उशीची खोळ हातातच राहिली.

"एक्केचाळीस!" वर्लिन ओरडला. "बघ, होडी धक्क्याजवळ आली की आकडा हटकून आदळतो! तुझ्याकडे होतं का गं असं?"

ती हळूच म्हणाली, "नाही डॅड. माझ्याकडे ठीक चाललंय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच आत गेले. "माइक बंद कर आधी! काय म्हणाली ती?"

"ठीक चाललंय म्हणाली."

"त्याच्या आधी!"

त्याने खरंच ऐकलं नव्हतं. मग मीच सांगितलं. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. ताडकन उठला. मला वाटलं, चालला आता फ्रिजकडे. पण परत बसला. तो आकडा बंद कसा करायचा, तेही बिचाऱ्याला घाईत सुचेना. शेवटी पडद्याच्या कोपऱ्यावर आपला जाडजूड अंगठा दाबून धरला आणि दुसऱ्या हाताने माइक चालू केला.

"ब्रिटा, मघाशी तू बोललीस ते मी ऐकलं नाही. चुकलं माझं. परत सांग."

"जाऊ दे रे डॅड."

"नाही जाऊ द्यायचं. सांग. मी बसलोय इथे."

होडी वाहवत जाऊन धक्क्यावर आदळली, तरी त्याने बघितलं नाही. स्पीकरमधून पोरीचा हुंदका आला. शाळेत होती तेव्हापासून तिला रडताना ऐकलं नव्हतं मी. मी बाहेर येऊन दार ओढून घेतलं आणि कपड्यांच्या ढिगावर बसून मीही रडून घेतलं. बाहेर अंधारलं, तरी आतून दोघांचे आवाज येतच होते. खुर्ची एकदाही करकरली नाही.

सोमवारी रोआल्डने पुन्हा गाठलं. "आज तरी सांग! ठेवतोयस की परत देतोयस?"

"ठेवतोय."

"म्हणजे चांगलं आहे?"

वर्लिनने जरा विचार केला. "वाईट नाही," म्हणाला. आमच्याकडे ह्याहून मोठी स्तुती नसते. "पोरीचा आवाज स्वच्छ येतो."

रोआल्ड माझ्याकडे बघायला लागला. "अगं, ते कार्ड चित्रांचं असतं. आवाजाचा काय संबंध?"

"घे मुकाट्याने," मी म्हटलं.