बेबीताईचे एकशे शहाण्णव

जऊळक्याहून मालगाडी निघाली की आमच्या गावापर्यंत तिची शिटी ऐकू येते. बेबीताई शिटी देत नाही, थेट सुरू होते. ती माझ्या भिंतीपलीकडे राहते, त्यामुळे तिच्या आयुष्यातलं मला माहीत नाही असं फार थोडं आहे, आणि जे माहीत नाही ते मी विचारून घेतो.

वीस वर्षं ती मार्केटात चाळणीवर आहे. शेतकऱ्याचं सोयाबीन आलं की चाळायचं, माती-काडी काढायची, पोतं शिवायचं. नवरा लवकर गेला. पोरगा प्रसेनजित एक परीक्षा पास होऊन अकोल्याला पोस्टात लागला, आणि त्या दिवसापासून तिच्या ओट्यावर बसून परीक्षेला नावं ठेवायची सोय उरली नाही.

"मुलाखतीत मानूस तोंड पाह्यते," ती म्हणते. "पेपरावर नंबर असते. नंबराले आडनाव नसते."

मी एकदा म्हटलं, "अवं बेबीताई, पेपर काढणाऱ्याले तर आडनाव असते ना?" दोन दिवस माझ्या घरी तिच्या गवारीच्या शेंगा आल्या नाहीत.

गेल्या वर्षी शाळेत नवोदयच्या तयारीचा जादा वर्ग निघाला. अनुप सरांनी चौथीतली बारा पोरं निवडली. कशावर, तर 'हुशार वाटतात' यावर. योगायोग असा, की हुशार वाटणारी सगळी पोरं स्लॅबच्या घरातली निघाली. बेबीताईनं पालकसभेत असा गोंधळ घातला, की सभा संपता संपता लोकांनी तिलाच शाळा समितीचं अध्यक्ष करून टाकलं. गप्प बसवायचा तोच एक उपाय दिसला असावा. लागू पडला नाही. अध्यक्षबाईंनी पहिला ठराव मांडला, यंदापासून निवड मार्कांवरच. राज्यभर एकाच दिवशी एकच पेपर होतो, त्या चाचणीच्या मार्कांवर. ठरावाखाली अंगठ्यांच्या रांगेत सगळ्यात आधी सही तिची, कारण सही ती अलीकडेच शिकली होती आणि कुठं कुठं करू असं झालं होतं.

यंदा तिची नात साक्षी चौथीत. पोरीची पोर, आईबाप पुण्याकडे बांधकामावर. चाचणी झाली, यादी शाळेच्या भिंतीवर लागली. बारा नावं. साक्षी तेरावी, एका मार्कानं. साठपैकी एकेचाळीस, बाराव्या नंबराला बेचाळीस.

बेबीताईनं पेपर मागितला आणि वाचायला माझ्याकडे आणला. गणितात एक प्रश्न होता: एका पोत्यात ५० किलो सोयाबीन आहे, तर अशा ४ पोत्यांत किती किलो? दोन मार्क. साक्षीनं लिहिलं होतं १९६. त्यावर लाल फुली.

"काहून गं एकशे शहाण्णव?" मी पोरीला विचारलं.

तिनं माझ्याकडे अशी नजर टाकली, की जणू मीच चौथीत नापास झालोय. "कडता नाही का कापत? पोत्यामागं एक किलो."

मार्केटात पोतं काट्यावर चढलं की बारदान्याचं वजन आणि माती म्हणून व्यापारी किलोभर कापून घेतो, तो कडता. सुट्टीत पोरगी आजीजवळ पोत्यावर बसून असते. पन्नासाचं पोतं पन्नास भरलेलं तिनं जन्मात पाहिलेलं नाही. पेपर काढणाऱ्यानं सोयाबीन पाहिलं असेल ते तेलाच्या पाकिटावर.

बेबीताई उठली. मीही उठलो. अशा वेळी घरी बसणारा मी नाही.

"सर, मार्केटात चला," ती वर्गाच्या दारातूनच म्हणाली. "चार पोते माह्या डोक्यावरून काट्यावर ठेवतो. दोनशे भरले तर मी तुमची माफी मांगतो."

अनुप सर खुर्चीतून उठले नाहीत. "बेबीताई, उत्तरसूचीत दोनशे आहे."

"सूची वजन करते का?"

"एकेका पोराचं खरं धरत बसलो तर चाचणी कशाला घ्यायची? वाशीमपासून मुंबईपर्यंत एकच पेपर, एकच उत्तर. तुमचाच ठराव आहे. आणू का रजिस्टर?"

हा घाव वर्मी बसला. मी खिडकीकडे पाहिलं, कारण मला हसू येत होतं.

मग सरांनी आवाज उतरवला. "असं करू, साक्षीला तेरावी म्हणून बसवून घेतो. गावात बोलू नका."

वाटलं, मिटलं. कसलं मिटतं!

"म्हंजे मांगच्या वर्षी तुमी त्याइले मेहेरबानीवर घेतलं, तसं यंदा मले? मले मेहेरबानी नाही पायजे, मार्क पायजे. तिचं उत्तर बरोबर हाय, बरोबर म्हना!"

"वर पाठवलेले मार्क बदलत नाहीत."

"मंग खालची यादी बदला. ते तर तुमची हाय ना?"

सर जरा हसले. ते हसू मला आवडलं नाही. "ठीक. पण तुमच्या एकटीचं नाही. ज्यानं ज्यानं एकशे शहाण्णव लिहिलं त्या सगळ्यांचं बरोबर धरतो. चालेल?"

"चालंल."

"लिहून द्याल?"

तिनं लिहून दिलं. म्हणजे मी लिहिलं, तिनं सही केली. 'जाऊ दे गं, तेरावी म्हणून बसव पोरगी' असं मी दोनदा कानात सांगितलं. "पंजाबराव, तू तोंड मिट," म्हणाली.

सरांनी गठ्ठा काढला. आधीच चाळून ठेवलेला असणार, इतक्या झटकन बोट पडत होतं. बावीस पोरांत नऊ जणांनी १९६ लिहिलेलं. निम्मं गाव मार्केटावर जगतं, दुसरं काय होणार? वरची शिकवणीवाली पोरं दोनशे लिहून आधीच पुढं होती. आणि यादीच्या शेवटची तिघं नेमकी हमाल-चाळणीवाल्यांचीच. तीही १९६ लिहून दोन-दोन मार्कांनी वर चढली. साक्षीचे झाले त्रेचाळीस, बाराव्या नंबराचे झाले चव्वेचाळीस.

तेरावीची तेरावीच.

"आता तुमच्या मागणीप्रमाणं न्याय झाला," सर म्हणाले. "त्या मघाच्या जागेचं मात्र आता जमणार नाही. तुम्हीच म्हणाल, मेहेरबानी केली."

बेबीताईनं पेपराची घडी घातली आणि ती बाहेर पडली. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा गप्प बसलेली पाहिली, आणि खरं सांगतो, मला ते सुखाचं वाटलं नाही.

सोमवारी दुपारी जादा वर्ग सुरू झाला. बेबीताई मार्केटातून खाडा करून आली, डोक्यावरचा फडका झटकला, आणि साक्षीला घेऊन शेवटच्या बाकावर बसली.

"हे काय?" सर म्हणाले.

"अध्यक्ष हावो. वर्ग चालते का नाही पाहाचं काम माह्यं हाय."

"आणि ही?"

"मले वाचता येत नाही. फळ्यावर तुमी काय लिहून राह्यले ते कोन सांगंल मले?"

"हे नियमात बसत नाही."

"तसं लिहून द्या ना. मीबी दिलं लिहून."

सरांनी खडू उचलला आणि फळ्याकडे वळले. लिहून देणारा कसा अडकतो हे त्यांनीच शनिवारी बेबीताईला दाखवलं होतं. त्यानंतर त्या दोघांत एकही शब्द झालेला नाही. सर तिला बसा म्हणत नाहीत, ती सरांना नमस्कार करत नाही. तिची मार्केटातली रोजची मजुरी बुडते, पण साक्षी गणितं उतरवून घेते.

बुधवारी नानीबाई आली. तिचा नातू चौदावा. बाई समितीची सदस्य आहे, हे ती स्वतः विसरली होती. मीच जाऊन आठवण करून दिली. ती दारात उभी राहिली, नातवाचा हात धरून.

"तू कायले आली?" बेबीताई खेकसली.

"मीबी पाहाले आली, वर्ग चालते का नाही."

"पाहाले मी हावो ना!"

"तुले कुठं वाचता येते?"

"तुले येते?"

"नाही. म्हनून तर पोरगा आनला."

सरांनी कपाळाला हात लावला. बेबीताई बाकावरून तसूभर सरकली नाही. नानीबाईनं तिच्यासमोरच सतरंजी अंथरली, नातवाला बसवलं, आणि सरांना म्हणाली, "हं, चालू द्या."