आत्याची यादी आणि सरकलेले अक्षर

“अण्णांनी यंत्राची खिचडी केली, आणि धाकट्याने आत्याचे शब्द वाचवले.” आमच्या घरच्या प्रत्येक लग्नात ही कथा माझ्यादेखत सांगितली जाते. तिचा पूर्वार्ध खोटा आहे. उत्तरार्ध त्याहून खोटा.

आत्याने तीन वर्षे बसून आमच्या तंजावुरी मराठीतले शब्द मला सांगितले: भांड्यांचे, विधींचे, शिव्यांचेसुद्धा. घरच्या मुलांना देवनागरी येत नाही, म्हणून मी ते रोमन लिपीत संगणकावर उतरवले. मग आत्या गेली. यादी संगणकाच्या डिस्कवरच्या ‘डी’ नावाच्या कप्प्यात होती आणि दुसरी प्रत नव्हती. जुन्या फ्लॉप्यांना बुरशी लागलेली. नव्या आणल्या त्या दिवशी सरस्वतीपूजा. यंत्र पूजेत मांडलेले, त्याला हात लावायचा नाही.

दुसऱ्या दिवशी, विजयादशमीच्या मुहूर्तावर, मद्रासहून आलेल्या धाकट्या भावाने दुसरी डिस्क बसवली. आमच्या जुन्या डॉसमध्ये एका कप्प्यात बत्तीस मेगाबाइटांहून अधिक मावत नसे, म्हणून पहिल्या डिस्कचे ‘सी’ आणि ‘डी’ असे दोन कप्पे केलेले होते. नवी डिस्क ‘ई’ होणार, हे त्याने गृहीत धरले.

यंत्र सुरू केले. ‘डी’ वाचता येईना.

“डी गेला, अण्णा.”

“गेला म्हणजे?”

“शिवगंगा तळ्यात बुडाला म्हणा. निदान ई तरी फॉरमॅट करून घेतो.”

फॉरमॅट म्हणजे आत असेल ते सगळे पुसणे. मी कीबोर्डवर पंजा ठेवला.

“आधी ई उघडून दाखव.”

“कोऱ्या डिस्कमध्ये काय बघायचं? तुम्ही शाळेतले वाद्यार, भूमिती शिकवा. हात काढा.”

“नाही काढत.”

प्रसादाच्या हरभऱ्यांच्या सुंडलाच्या वाट्या घेऊन आलेली माझी पत्नी दारातच थबकली.

डॉसची पुस्तिका मी वाचली होती, त्याने नाही. डॉस आधी प्रत्येक डिस्कच्या मुख्य कप्प्याला अक्षर देतो, दुय्यम कप्प्यांना मागाहून. म्हणजे नव्या कोऱ्या डिस्कचा मुख्य कप्पाच ‘डी’ झाला होता आणि आमचा दुय्यम ‘डी’ सरकून ‘ई’. त्याला बाजूला सारून मीच ‘ई’ उघडला. आत्याच्या सगळ्या फायली पडद्यावर आल्या.

ई तपासायचे आपल्या मनात होतेच, असे भाऊ आता म्हणतो. मनातले मला ठाऊक नाही. त्या सकाळी त्याने कामाचा क्रम कागदावर लिहून, कोपऱ्यांना हळद लावून टेबलावर ठेवला होता. तो कागद माझ्याजवळ आहे. त्यात तपासणीची ओळ नाही. तिसरी ओळ, त्याच्याच हस्ताक्षरात, अशी आहे: फॉरमॅट ई.